शरदातल्या पाहुण्या पक्ष्यांची नोंद : ठेवावी कशी, कळवावी कशी

गणपतीच्या दिवसांत सह्याद्रीच्या पायथ्याच्या ओढ्यांवर करडा धोबी येऊन पोहोचतो. त्याच्या मागेपुढे डबक्यांच्या काठची तुतारी आणि थव्याने फिरणाऱ्या, साळुंकीच्या कुळातल्या भोरड्या येतात, नवरात्र उलटल्यावर पडक्या भिंतींवर थिरथिरा दिसू लागतो आणि दिवाळीच्या सुमारास तलावांवर बदके उतरतात. या दोन-तीन महिन्यांत पक्षीनिरीक्षकांचे एकमेकांना संदेश सुरू होतात : ‘धोबी आला’, ‘आज भोरड्यांचा मोठा थवा’, ‘तळ्यावर बदके, बहुधा चक्रांग’. असे संदेश वाचून आनंद होतो, मीही ते आवडीने वाचतो. मात्र दोन वर्षांनी ते पुन्हा काढून पाहिले तर त्यांतून फारसे काही हाती लागत नाही, कारण कुठे, किती वाजता, किती आणि कशावरून ओळखला यांपैकी एखाद-दुसरीच गोष्ट त्यांत असते. त्याच आनंदाची उपयोगी नोंद कशी करावी आणि ती इतरांना कशी कळवावी, हे येथे सांगितले आहे.

सर्वांत आधी एक जागा ठरवावी आणि ती घराजवळची असावी. गावामागचा ओढा, पाझर तलाव, माळ, शेताचा बांध यांपैकी काहीही चालेल, परंतु ऑगस्टच्या मध्यापासून नोव्हेंबरअखेरपर्यंत तेथे आठवड्यातून एकदा तरी जाता आले पाहिजे. नामांकित पाणवठ्यावर वर्षातून एकदा जाऊन केलेल्या लांबलचक यादीपेक्षा घराजवळच्या ओढ्यावरच्या चौदा-पंधरा फेऱ्यांची वही मला अधिक मोलाची वाटते. त्याचे कारण माझ्याच वह्यांत आहे. एका वर्षी मी ओढ्यावरचा पहिला करडा धोबी 9 सप्टेंबरला लिहिला होता आणि पुढच्या वर्षी 21 सप्टेंबरला. पक्षी बारा दिवस उशिरा आला, असे मी बरेच दिवस समजत होतो आणि तसे इतरांना सांगतही होतो. पुढे वही नीट चाळली तेव्हा लक्षात आले की त्या दुसऱ्या वर्षी पावसामुळे 4 ते 20 सप्टेंबर या काळात मी ओढ्यावर गेलोच नव्हतो. ती तारीख धोब्याच्या येण्याची नव्हती, माझ्या जाण्याची होती.

म्हणून ‘दिसला नाही’ हे शब्द लिहायला शिकणे हा या कामातला पहिला धडा आहे. करडा धोबी 30 ऑगस्टला नव्हता, 5 सप्टेंबरला नव्हता, 10 सप्टेंबरला एक होता, असे तीन ओळींत लिहिले की तो 5 ते 10 सप्टेंबरच्या दरम्यान पोहोचला, एवढे खात्रीने सांगता येते. त्यापुढची फेरी पाच दिवसांऐवजी दोन दिवसांनी केली तर अंदाज आणखी नेमका होतो. पक्षी न दिसल्याच्या ओळी लिहिताना फेरी वाया गेल्यासारखे वाटते, परंतु पक्ष्याच्या आगमनाची तारीख या रिकाम्या ओळींवरच उभी असते. निघून जाणाऱ्यांनाही हेच लागू पडते. पावसाबरोबर आलेला चातक शरदात परतीला लागतो, आणि तो शेवटचा कधी दिसला हे कळण्यासाठी त्यानंतरच्या ज्या फेऱ्यांत तो दिसला नाही त्या नोंदलेल्या असाव्या लागतात.

प्रत्येक फेरीच्या वेळी तारीख, सुरुवातीची वेळ, एकूण किती वेळ पाहिले, किती अंतर चाललो आणि बरोबर किती जण होते, हे आधी लिहून टाकावे, पक्षी त्यानंतर. निदान पंधरा मिनिटे तरी एका जागेला द्यावीत आणि शक्यतो दर वेळी त्याच सुमारास, सकाळच्या उन्हाचा चटका वाढण्यापूर्वी जावे. जागेचे नाव गावासह लिहावे. ‘उजनी’ एवढे लिहिणे पुरेसे नाही, कारण भीमेवरच्या त्या धरणाचा फुगवटा कित्येक किलोमीटर पसरलेला आहे आणि कुंभारगावचा काठ, डिकसळचा पूल यांच्यावर त्याच सकाळी वेगवेगळे पक्षी असू शकतात. पाण्याची पातळीही एका वाक्यात नोंदवावी. चांगला पाऊस झालेल्या वर्षी ऑक्टोबरात उजनी काठोकाठ भरलेली असते, चिखलाचा काठ उघडा पडलेला नसतो आणि चिखलात चोच खुपसून खाणाऱ्या पक्ष्यांना तेथे उभे राहायला जागाच नसते. त्या दिवसांत ते आसपासच्या डबक्यांत, ओल्या शेतांत आणि लहान तळ्यांच्या उथळ कडेला शोधावे लागतात. हे ठाऊक नसलेला माणूस भरलेला जलाशय पाहून ‘यंदा पक्षी आलेच नाहीत’ असा निष्कर्ष काढतो आणि तो निष्कर्ष पुढे पसरतो.

आता ओळखीकडे वळू, कारण शरदातल्या चुका बहुतेक येथेच होतात. पहिल्या धोब्याचेच उदाहरण घ्या. काळ्या डोक्याचा, डोळ्यावर ठळक पांढरी भुवई असलेला मोठा धोबी आपल्याकडे बारमाही राहतो. तो पाहून ‘धोबी आले’ असे कळवण्यात अर्थ नाही. त्याचे कपाळ काळे असते. हिवाळी पाहुणा असलेल्या पांढऱ्या धोब्याचे कपाळ आणि चेहरा पांढरा असतो. करड्या धोब्याची पाठ राखाडी, पोट व शेपटीखालचा भाग पिवळा आणि शेपटी सर्व धोब्यांत लांब असते. तो वाहत्या पाण्याजवळच्या दगडांवर रमतो. पिवळा धोबी मात्र ओलसर गवतात आणि चरणाऱ्या गुरांच्या पायांजवळ अधिक सापडतो आणि त्याची पाठ सहसा हिरवट असते. पिवळे पोट दिसले एवढ्यावर निर्णय करू नये, पाठीचा रंग आणि जागा दोन्ही पाहावीत.

तुतारीच्या बाबतीत गोंधळ याहून मोठा आहे. डबक्याच्या काठावर एकटा पक्षी सतत मागचा भाग वरखाली हलवत चालतो आहे, छातीच्या कडेला पंखाच्या वळणापुढे पांढऱ्या रंगाची पाचर वर घुसलेली आहे, आणि उडताना तो पाण्यालगत ताठ पंखांनी फडफड करत जातो : ही सामान्य तुतारी. दुसरा पक्षी वरून गडद, जवळजवळ काळपट दिसतो आणि दचकून उंच उठला की त्याच्या शेपटीच्या बुडाचा शुभ्र पांढरा चौकोन चमकतो, पंखांची खालची बाजूही काळपट असते : ही हिरवी तुतारी. तिसऱ्याच्या तपकिरी पाठीवर पांढरट ठिपक्यांची नक्षी असते, डोळ्यावरची फिकट पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, पाय पिवळसर आणि पंखांची खालची बाजू फिकट असते : ही ठिपकेवाली तुतारी. बसलेल्या पक्ष्यावरून खात्री पटली नाही तर तो आपणहून उडेपर्यंत थांबावे, उडवू नये. उडाल्यावर पाहिलेल्या पंखाच्या खालच्या रंगाने बहुतेक वेळा प्रश्न सुटतो. आणि न सुटल्यास ‘तुतारी, जात निश्चित नाही’ असेच लिहावे. संशय प्रामाणिकपणे लिहिलेली नोंद चुकीच्या नावाच्या नोंदीपेक्षा कितीतरी पटीने चांगली आहे, कारण चुकीचे नाव एकदा पुढे गेले की ते परत बोलावता येत नाही.

बदकांचेही तसेच. पुस्तकातल्या चित्रात नर दिमाखदार रंगांचा दाखवलेला असतो, पण नुकते आलेले नर अनेकदा मादीसारखेच तपकिरी असतात, आणि भुवई बदकाचा नर तर हिवाळा बराच सरेपर्यंत आपली पांढरी भुवई दाखवत नाही. तो उडाला तर पंखाच्या पुढच्या भागावरची निळसर राखाडी छटा त्याला ओळखून देते. थापट्या बदकाचा रंग कसाही असो, पसरट चोच लपत नाही.

दसऱ्याच्या सुमारास नीलपंखाबद्दल, म्हणजे ज्याला लोक नीळकंठ किंवा चास म्हणतात त्याबद्दल, बरेच जण कळवतात. त्याच दिवसांत युरोपीय नीलपंख आफ्रिकेकडे जाताना पश्चिम महाराष्ट्रातही क्वचित थांबतो. आपल्या नेहमीच्या नीलपंखाची छाती तांबूस तपकिरी आणि रेघांची असते. युरोपीय पाहुण्याचे डोके, गळा आणि पोट सलग फिकट निळे असते आणि उडताना त्याच्या पंखांची कड काळपट दिसते. तारेवर बसलेल्या प्रत्येक नीलपंखाकडे या दृष्टीने एकदा नीट पाहावे. तो नेहमीचाच निघाला तरी त्याची नोंद करावी, कारण 2023 साली प्रसिद्ध झालेल्या भारतातील पक्ष्यांच्या स्थितीविषयीच्या अहवालात ज्या जातींच्या जागतिक स्थितीचा फेरविचार व्हावा अशी शिफारस आहे, त्यांत आपला हा ओळखीचा नीलपंख आहे. त्या अहवालासाठी सुमारे 30 हजार पक्षीनिरीक्षकांच्या 3 कोटींहून अधिक नोंदी वापरल्या गेल्या आणि 942 जातींचे मूल्यमापन झाले. नेहमीच्या पक्ष्याची साधी ओळ कोठे उपयोगी पडते, याचे मला याहून चांगले उदाहरण ठाऊक नाही.

नावाबद्दल थोडे. धोब्याला कोकणात परीटही म्हणतात. एकाच पक्ष्याला जिल्ह्यागणिक वेगळे नाव असू शकते आणि एकच नाव दोन पक्ष्यांनाही चिकटलेले असते. गावातले नाव टिकवावेच, ते वहीत अवश्य लिहावे, पण इतरांना कळवताना पुस्तकातले मराठी नाव आणि शंका असेल तेथे शास्त्रीय नाव जोडावे. करडा धोबी म्हणजे मोटासिला सिनेरिया आणि पांढरा धोबी म्हणजे मोटासिला अल्बा, एवढे लिहिले की वाद उरत नाही.

संख्या लिहायला अनेक जण कचरतात. ‘पुष्कळ’ हा शब्द मात्र काहीच सांगत नाही : एकाचे पुष्कळ चाळीस असतात, दुसऱ्याचे चार हजार. ज्वारीच्या शेतावर उतरणाऱ्या भोरड्यांचा थवा मोजायचा असेल तर आधी त्यातले दहा पक्षी मोजून तेवढा तुकडा डोळ्यांत बसवावा, मग असे दहा तुकडे म्हणजे शंभर किती जागा व्यापतात ते पाहावे, आणि त्या मापाने सारा थवा मापावा. संध्याकाळी रातथाऱ्याकडे, म्हणजे रात्रीच्या मुक्कामाच्या जागेकडे, परतणाऱ्या भोरड्या मोजणे अधिक सोपे जाते. बाभळीच्या किंवा बोरूच्या बेटापासून दूर, त्यांच्या वाटेकडे तोंड करून उभे राहावे, समोरचे एखादे झाड किंवा खांब धरावा आणि त्याच्या पलीकडे जाणारे पक्षी दहा-दहाच्या गटांनी मोजत जावे. दोघे असल्यास दोघांनी वेगवेगळे मोजून आकडे शेवटी सांगावेत, मोजता मोजता नव्हे. ‘अंदाजे 600’ असे लिहिण्यात कमीपणा नाही.

नोंदी साठवण्यासाठी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षीशास्त्र प्रयोगशाळेने 2002 मध्ये सुरू केलेले ‘ईबर्ड’ हे संकेतस्थळ आज भारतातही सर्वाधिक वापरले जाते, आणि त्याचे मोबाइल ॲप वेळ व अंतर आपोआप टिपते. यादी पाठवताना, ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवले आहेत का, असा एक प्रश्न विचारला जातो. कावळे, साळुंक्या, पारवे वगळून फक्त पाहुणे लिहिले असतील तर उत्तर ‘नाही’ असे द्यावे. सगळे लिहून ‘होय’ म्हणणे उत्तम, कारण तेव्हाच यादीत नसलेला पक्षी खरोखर दिसला नव्हता असे मानता येते. वेगळी वाटणारी नोंद तपासणारे स्वयंसेवक छायाचित्र किंवा वर्णन मागतात. त्याचा राग मानू नये. वहीदेखील सोडू नये. पाण्याची पातळी, कापलेले झाड, नांगरलेला माळ अशा गोष्टींना तेथेच जागा मिळते.

वॉट्सॲपच्या गटावर कळवताना छायाचित्र कोणत्या दिवशी काढले ते पहिल्या ओळीत लिहावे. मागच्या आठवड्यातले चित्र आज टाकले आणि तारीख लिहिली नाही, की दहा जणांच्या वह्यांत चुकीची तारीख जाते.

परंतु प्रत्येक गोष्ट सर्वांना सांगायची नसते, आणि याबाबत मला कडक राहावेसे वाटते. माळढोक आणि तणमोर या अतिदुर्मीळ माळपक्ष्यांची नेमकी जागा कोणत्याही गटावर टाकू नये. भोवत्या जातीचे शिकारी पक्षी संध्याकाळी माळावरच्या गवतात जमिनीवरच एकत्र मुक्काम करतात. ती जागा कळली की गाड्या गवतात शिरतात आणि पक्षी अंधारात उठतात. शृंगी घुबडाची कपार, घरटे, एखाद्या झाडावर रोज विसावणारा दुर्मीळ पाहुणा, हे सारे तालुक्यापर्यंतच सांगावे आणि नेमकी माहिती अभ्यासकांना व वनखात्याला वेगळी द्यावी. कोणी विचारले तर नकार देण्यात संकोच करू नये. मोबाइलवर पक्ष्याचा आवाज वाजवून त्याला पुढे बोलावणे आणि चांगल्या चित्रासाठी होडी थव्यात घालणे हे आपण करू नये आणि तसे काढलेले चित्र गटावर आले तर त्याचे कौतुकही करू नये. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला त्या तासाला खाणे आणि विसावणे याशिवाय काही परवडणारे नसते.

कधी पायात कडी किंवा मानेत रंगीत पट्टी असलेला पक्षी दिसतो; पक्ष्याचा प्रवास कळावा म्हणून अभ्यासकांनी ती घातलेली असते. मंगोलियात मानपट्टी घातलेले पट्टकादंब, म्हणजे डोक्यावर काळे पट्टे असलेले हंस, भारतात अनेकदा आढळले आहेत. पट्टीचा रंग, त्यावरची अक्षरे व आकडे ज्या क्रमाने दिसतात त्या क्रमाने, आणि कडी कोणत्या पायात, गुडघ्यासारख्या सांध्याच्या वर की खाली, हे टिपून घ्यावे. एखादे अक्षर वाचता आले नाही तर तेथे रिकामी जागा सोडावी, अंदाजाने भरू नये. भारतात घातलेल्या कड्यांवर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या मुंबईच्या निसर्ग अभ्यास संस्थेला कळवण्याची सूचना कोरलेली असते. परदेशी कडी असली तरी माहिती तेथेच पाठवावी.

महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. पहिला दिवस मारुती चितमपल्लींच्या आणि शेवटचा सालिम अलींच्या जन्मदिनाचा. तोपर्यंत बहुतेक पाहुणे पोहोचलेले असतात, त्यामुळे गावातल्या सर्वांनी आपापल्या वह्या घेऊन एकत्र बसायला हा आठवडा सोयीचा आहे. एका कागदावर डावीकडे पक्ष्यांची नावे आणि वर ऑगस्टपासूनचे आठवडे लिहावेत. ज्या आठवड्यात कोणी गेले पण पक्षी नव्हता तेथे शून्य, जेथे कोणी गेलेच नाही तेथे रेघ, आणि दिसला तेथे सर्वांत मोठा आकडा भरावा. शून्य आणि रेघ यांची सरमिसळ होऊ देऊ नये. ज्या आठवड्यांत रेघा जास्त आहेत ते पुढच्या वर्षी कोण सांभाळणार, हे त्याच बैठकीत नावानिशी ठरवून कागदाच्या तळाशी लिहून ठेवावे.