टू लावायचं की आयएनजी? या चुका टाळा

मालवणात ओळखीच्या एका होमस्टेच्या गेटवर गेल्या सीझनला पाटी होती, 'वी स्टॉप टू फिश इन जून'. त्यांना सांगायचं होतं की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, तर ताजा मासा मिळेलच असं नाही. पण इंग्रजीत अर्थ झाला बरोब्बर उलटा, की जूनमध्ये आम्ही हातातली कामं थांबवतो आणि मासे पकडायला जातो. पाहिजे होतं 'वी स्टॉप फिशिंग इन जून'. एवढ्याशा टू ने अख्खी पाटी फिरवली. इंग्रजीत एका क्रियापदामागून दुसरं आलं की त्याच्याआधी टू लावायचं की शेवटी आयएनजी, म्हणजे 'फिशिंग'मधलं 'इंग', हाच तो गोंधळ.

मी संध्याकाळी मुलांचं स्पोकन इंग्लिश घेते. कोणी स्कूबावाल्यांकडे कामाला, कोणी हॉटेल मॅनेजमेंटला जाणार, कोणी मर्चंट नेव्हीच्या इंटरव्ह्यूची तयारी करतंय, आणि सगळ्यांची चूक एकच. कारण पण एकच आहे. आपण म्हणतो 'मला पोहायला आवडतं', घरी म्हणतो 'माका समुद्रार जावक आवडता', आणि डोक्यात बसलेलं असतं की 'यला' किंवा 'वक' आलं की इंग्रजीत टू. मग 'आय एन्जॉय टू स्विम' तोंडातून निघतंच. एन्जॉयला टू चालत नाही, 'आय एन्जॉय स्विमिंग'. फिनिश, कीप, प्रॅक्टिस, माइंड ही सगळी त्याच घरातली. उलट वॉन्ट, डिसाइड, होप, प्लॅन, रिफ्यूज, प्रॉमिस यांना टू लागतोच, 'वी डिसाइडेड टू स्टे'. लाइक, लव्ह, स्टार्ट यांना दोन्ही चालतं, त्यात वेळ घालवू नका, फक्त 'वुड लाइक' आलं की टू हवाच.

किनाऱ्यावर 'अव्हॉइड टू स्विम हिअर' लिहिलेलं दिसलं की मला खरंच काळजी वाटते. 'अव्हॉइड स्विमिंग' हे व्याकरणाने बरोबर, पण जिवाचा प्रश्न असेल तिथे सरळ 'डू नॉट स्विम हिअर' लिहा.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. ज्या मराठीमुळे आपण फसतो तीच मराठी काही ठिकाणी आपल्याला वाचवते, पण हे शाळेत कोणी सांगत नाही. 'तो बोलायचा थांबला' आणि 'तो बोलायला थांबला' यातला फरक पाचवीतल्या पोरालाही कळतो ना? पहिलं 'ही स्टॉप्ड टॉकिंग', दुसरं 'ही स्टॉप्ड टू टॉक'. झालं. तसंच 'दार लावायला विसरले' म्हणजे दार उघडंच राहिलं, 'आय फरगॉट टू लॉक द डोअर'. आणि 'दार लावल्याचं आठवतंय' म्हणजे काम होऊन गेलंय, 'आय रिमेंबर लॉकिंग द डोअर'. म्हणजे रिमेंबर-फरगेटच्या बाबतीत मराठीत 'ल्याचं' आलं की आयएनजी, आणि काम अजून करायचं होतं किंवा राहून गेलं असेल तर टू.

ट्रायचं पण तसंच. 'करायचा प्रयत्न कर' असेल तर 'ट्राय टू', 'करून बघ' असेल तर 'ट्राय' आणि आयएनजी. जेवण जड झालेल्या पाहुण्याला आपण म्हणतो सोलकढी पिऊन बघा, बरं वाटेल. ते 'ट्राय ड्रिंकिंग सोलकढी'. 'ट्राय टू ड्रिंक' म्हटलं की सूर लागतो, पिणं कठीण आहे, जमतंय का बघा. एवढ्या प्रेमाने वाटी पुढे केलेली असते, मग वाक्य पण नीट असू दे.

होमस्टेवाल्यांची अजून एक म्हणजे 'आय सजेस्ट यू टू व्हिजिट द फोर्ट'. सजेस्टनंतर असं चालत नाही. 'आय सजेस्ट व्हिजिटिंग द फोर्ट इन द मॉर्निंग' म्हणा, नाहीतर टू काढून 'आय सजेस्ट यू व्हिजिट'. 'लेट मी टू चेक' मधला टू पण काढा, 'लेट मी चेक' बस.

मग येतो तो टू जो दिसतो टू सारखा पण त्याच्यापुढे आयएनजी लागतं, आणि इथे चांगली शिकलेली माणसं पण अडकतात. बुकिंगच्या मेलमध्ये 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू' असं सर्रास जातं, हवं 'टू मीटिंग यू'. ओळखायचं कसं, तर टू च्या पुढे नुसतं नाम ठेवून बघा. 'लुकिंग फॉरवर्ड टू युअर व्हिजिट' बरोबर वाटतं ना, मग क्रियापद आलं तर आयएनजी. गणपतीला गावी आलेला चाकरमानी 'मी आधी दादरला राहायचो' म्हणतो ते 'आय युज्ड टू लिव्ह इन दादर', आणि 'मला लोकलमध्ये उभं राहायची सवय आहे' ते 'आय अ‍ॅम युज्ड टू स्टँडिंग'. 'राहायचो' आणि 'सवय आहे', मराठीत दोन वेगळे शब्द आहेत, तेवढे मनात धरा.

पाठ करताना क्रियापद एकटं पाठ करू नका, शेपटीसकट करा, वहीत 'एन्जॉय' लिहू नका, 'एन्जॉय स्विमिंग' लिहा, 'डिसाइड टू स्टे' लिहा आणि मोठ्याने म्हणा. आणि 'वुड यू माइंड वेटिंग?' असं पाहुण्याला विचारलंत आणि तो 'नो' म्हणाला, तर तो नाही म्हणत नाहीये, थांबायला तयार आहे, त्याला खुर्ची द्या.