करप्याचे नमुने गोळा करताय? या चुका टाळा

जुलैत पालघरच्या खाचरातून भाताची करपलेली पानं प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आणली. डहाणू लोकलच्या गर्दीतून मुंबईत पोचून पिशवी उघडली, तर आत घाम आणि पानांवर भलत्याच बुरशीची काळी लव. तेव्हापासून कागदी पाकीट. ही चूक लगेच दिसते तरी; पुढच्या चुका मात्र प्रबंध लिहून होईपर्यंत दिसत नाहीत. करप्याची बुरशी लैंगिक पुनरुत्पादन करते की नुसत्या स्वतःच्या नकला काढते, हे नमुन्यांच्या डीएनएवरून शोधताना त्या होतात.

एकाच चुडातल्या पानांवरचे दहा ठिपके म्हणजे दहा नमुने नव्हेत. अलैंगिक बीजाणू उडाले, शेजारी रुजले. सगळी एकाच क्लोनची, म्हणजे हुबेहूब नकलांची, पिलावळ असू शकते. मग मार्कर (डीएनएवरच्या ओळखखुणा) एकमेकांना चिकटलेले, म्हणजे ठरावीक जोडीनेच येताना दिसतात आणि आपण ‘जनुकांचं पुनर्संयोजन (नव्याने मिसळणं) होत नाही’ असं लिहून मोकळे. या चिकटलेपणाचं गणित दोनदा करा: एकदा सगळे नमुने घेऊन, एकदा प्रत्येक जनुकप्रकाराचा (एकसारख्या खुणा असलेल्या गटाचा) एकच ठेवून. दुसऱ्या वेळी चिकटलेपण गेलं, तर लैंगिक पुनरुत्पादन होत असेल, फक्त हंगामात काही क्लोन माजले असतील. वसई आणि सिंधुदुर्गाचे नमुने सरसकट एकत्र केलेत तरी असंच खोटं चिकटलेपण येतं.

उलटी घाईही नको. मॅट१-१ आणि मॅट१-२ हे दोन्ही मिलनप्रकार निम्मे-निम्मे सापडले, म्हणजे लग्न लागलंच असं नाही. जोडीतली एक तरी बुरशी मादी म्हणून फलक्षम लागते, आणि शेतातल्या बुरशीच्या पुष्कळ वाणांनी (स्ट्रेननी) ती क्षमता गमावलेली असते. प्रयोगशाळेत ओटमील अगारवर (बुरशी वाढवायच्या ओटच्या जेलीवर) मिलनानंतर बीजाणू धरणारी फलपिंडं येतात. शेतात सहसा कोणाला दिसत नाहीत. म्हणून फलक्षमता माहीत असलेल्या वाणांशी संकर करून बघाच.

डीएनए तपासायच्या जेलवर एकाच कल्चरचे (प्लेटमध्ये वाढवलेल्या बुरशीचे) दोन्ही मॅट पट्टे आले, की आमच्याकडे पोरं पेढे मागतात. अरे, ही बुरशी एकगुणित (गुणसूत्रांचा एकच संच असलेली), तिच्यात एकच पट्टा हवा! प्लेटमध्ये दोन वाण मिसळलेत. बीजाणूंचं पाणी खूप पातळ करून अगारवर पसरा, सूक्ष्मदर्शकाखाली नासपतीच्या आकाराचा, तीन कप्प्यांचा एकच बीजाणू उचला आणि त्याच्यापासून कल्चर नव्याने वाढवा.

टोमॅटोच्या उशिराच्या करप्याला मात्र हा नियम लावू नका. नावात करपा असला तरी फायटोफ्थोरा ही खरी बुरशी नव्हे. तिचा देह द्विगुणित, काही वंशांत त्रिगुणितही. तिथे एका जागी दोन अलील (एकाच जनुकाची दोन रूपं) दिसले म्हणून प्लेट फेकायची नसते.