डेटाबेस करप्ट झाला तर: दुरुस्तीच्या कमांडआधीचं काम

डेटाबेस ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये नव्याने आलेली मुलं मला बहुतेक वेळा दुरुस्तीची कमांड विचारतात. ती एका ओळीची आहे आणि नेटवर कुठेही सापडते. तिच्यापर्यंत पोचण्याआधी काय वाचायचं, काय तपासायचं आणि काय जपून ठेवायचं हे मात्र त्यांना कोणी नीट सांगितलेलं नसतं. कन्सिस्टन्सी एरर (साठवलेला डेटा आतून जुळत नसल्याचा इशारा) आली की माहिती टिकते किंवा जाते ती या आधीच्या टप्प्यात. माझं बरंचसं काम पुण्यात बसून मायक्रोसॉफ्ट एसक्यूएल सर्व्हरवर झालं, म्हणून उदाहरणं त्यातलीच देते.

आधी बिघाड कसा ओळखला जातो ते पाहू. एसक्यूएल सर्व्हर सगळा डेटा ८ केबीच्या पेजमध्ये ठेवतो. पेज डिस्कवर लिहिताना त्यातल्या मजकुरावरून तो एक चेकसम, म्हणजे पडताळणीचा आकडा, काढतो आणि पेजच्या हेडरमध्ये लिहून ठेवतो. पुढे तेच पेज वाचताना तो पुन्हा हिशेब करून ताडून पाहतो. आकडे जुळले नाहीत की ८२४ क्रमांकाची एरर येते. ऑपरेटिंग सिस्टिमलाच वाचन जमलं नाही तर ८२३ येते. तिसरी ८२५: पहिल्या प्रयत्नात पेज वाचता आलं नाही, पण पुन्हा वाचल्यावर जमलं. हिची तीव्रता फक्त १०, म्हणजे नुसत्या माहितीच्या पातळीची, त्यामुळे ती एरर लॉगमध्ये निमूट पडून राहते. ॲप्लिकेशन चालू असतं, कोणाची तक्रार नसते. माझ्या मते तिघींत सर्वांत मोलाची हीच, कारण खालची डिस्क साथ सोडायला लागली आहे हे ती वेळेवर सांगते. नवा सर्व्हर ताब्यात आला की पहिल्याच आठवड्यात या तिन्ही क्रमांकांवर अलर्ट लावा.

त्याच आठवड्यात प्रत्येक डेटाबेसचं पेज व्हेरिफाय सेटिंगही पाहून घ्या. २००५ च्या आवृत्तीपासून नव्या डेटाबेसला चेकसम आपोआप मिळतो, पण २००० च्या आवृत्तीतून वर आणलेले डेटाबेस जुन्या टॉर्न पेज डिटेक्शनवरच (अर्धवट लिहिलं गेलेलं पेज तेवढं ओळखणाऱ्या पद्धतीवरच) राहतात. सेटिंग बदललं तरी जुन्या पेजना लगेच चेकसम मिळत नाही. ते पेज पुढे कधी लिहिलं जाईल तेव्हाच मिळतो.

चेकसमची ही पद्धत समजली की दोन गोष्टी आपोआप उलगडतात. पेज लिहिताना ठीक होतं आणि वाचताना बदललेलं निघालं, म्हणजे ते बदललं एसक्यूएल सर्व्हरच्या हाताबाहेर असताना. दोष बहुतेक वेळा खालच्या थरात असतो: डिस्क, कंट्रोलर, त्याचं फर्मवेअर, सॅन (नेटवर्कवरून जोडलेलं सामाईक स्टोरेज), मधला एखादा ड्रायव्हर. म्हणून स्टोरेज सांभाळणाऱ्या टीमला पहिल्या फोनमध्येच सामील करा. डिस्क तीच ठेवून दुरुस्ती केली, तर आठ दिवसांत दुसरं पेज जातं आणि तोवर सगळ्यांचा तुमच्यावरचा विश्वासही जातो. दुसरी गोष्ट, एरर आज दिसली म्हणून बिघाड आजचाच असेल असं नाही. मार्चअखेरच्या अहवालाशिवाय ज्या टेबलाला कोणी हात लावत नाही, त्यातलं पेज महिनोन्महिने बिघडलेलं राहू शकतं. चेकसमचा पर्याय न लावता बॅकअप घेत असाल तर तेवढे दिवस ते बिघडलेलं पेज बॅकअपमध्येही जात राहतं. कालचा बॅकअप आहे म्हणून निर्धास्त होऊ नका. तो दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून तिथे डीबीसीसी चेकडीबी ही सगळा डेटाबेस तपासणारी कमांड चालवा, आणि त्याचा निकाल येईपर्यंत जुन्या बॅकअप फाइली आपोआप पुसणारा जॉब बंद ठेवा. हा जॉब बंद करायचं घाईत कोणाला सुचत नाही.

एरर दिसल्यावर लोक घाबरून तीन गोष्टी करतात आणि तिन्ही घातक आहेत. सर्व्हर रीस्टार्ट करतात. डिस्कवर बिघडलेलं पेज त्याने सुधारत नाही, उलट सुरू होतानाची रिकव्हरी त्याच पेजवर अडखळली तर इतका वेळ चालू असलेला डेटाबेस सस्पेक्ट, म्हणजे कोणालाच उघडता न येणारा, होऊन बसतो. डेटाबेस डिटॅच करतात, म्हणजे सर्व्हरपासून सोडवतात. बिघडलेला डेटाबेस पुन्हा अटॅच होईलच याची खात्री नसते. आणि तिसरी म्हणजे अर्थातच ती दुरुस्तीची कमांड: चेकडीबीचा रिपेअर अलाऊ डेटा लॉस, म्हणजे डेटा गेला तरी चालेल असा, पर्याय.

त्याऐवजी चेकडीबी साधी, दुरुस्तीशिवाय चालवा. नो इन्फोमेसेजेस आणि ऑल एररमेसेजेस हे पर्याय लावा आणि निकाल फाइलमध्ये साठवा. मॅनेजमेंट स्टुडिओ १,००० च्या पुढच्या एरर दाखवत नाही, म्हणून मी ही कमांड एसक्यूएलसीएमडी या कमांड लाइनच्या साधनातून चालवते. मोठ्या डेटाबेसवर तिला तासन् तास लागतात आणि त्या वेळात मॅनेजर दर दहा मिनिटांनी विचारणा करतात. चालू असलेली तपासणी मध्येच तोडू नका. नेमका किती भाग बिघडला आहे हे सांगणारं दुसरं साधन तुमच्याकडे नाही. msdb या सर्व्हरच्या स्वतःच्या डेटाबेसमधलं सस्पेक्ट पेजेस हे टेबल तेवढ्यात बघून घ्या, पण त्यात फक्त आजवर वाचताना सापडलेली पेजेस असतात. हो, टेबलाचं नाव तुमच्या सर्व्हरवर इंग्रजीतच दिसेल.

अहवाल वाचताना नवखे लोक शेवटच्या ओळीवर थांबतात. तिथे किमान कोणत्या पातळीची दुरुस्ती लागेल ते लिहिलेलं असतं आणि तो सल्लाच आहे असं त्यांना वाटतं. चेकडीबी तिथे एवढंच सांगते की दुरुस्तीच करायची असेल तर इतकी करावी लागेल. तुमच्याकडे चांगला बॅकअप आहे की नाही हे तिला ठाऊक नसतं. तुम्ही वरच्या ओळींमधला इंडेक्स आयडी शोधा. तो ० असेल तर हीप (क्रम न लावता ठेवलेलं टेबल), १ असेल तर क्लस्टर्ड इंडेक्स (ठरलेल्या रकान्याच्या, म्हणजे कीच्या, क्रमाने लावलेलं टेबल), दोन्ही म्हणजे खुद्द डेटाच. २ किंवा त्याहून मोठा असेल तर नॉनक्लस्टर्ड इंडेक्स, आणि त्यातली माहिती मूळ टेबलातून पुन्हा तयार करता येते.

या एका आकड्याने किती फरक पडतो ते एकदा जवळून पाहिलं. एका ग्राहकाच्या डेटाबेसमध्ये एररची लांबलचक यादी आली होती आणि समोरची टीम एकेरी वापराच्या मोडमध्ये जाऊन दुरुस्ती चालवायच्या तयारीत होती. यादी नीट लावून पाहिली तर प्रत्येक ओळीत इंडेक्स आयडी ५ होता. तो इंडेक्स डिसेबल करून रीबिल्ड केला, चेकडीबी पुन्हा चालवली आणि ती स्वच्छ आली. टेबलातली एकही ओळ गेली नाही. इथे डिसेबल करणं महत्त्वाचं आहे. नुसतं रीबिल्ड केलं तर सर्व्हर जुना, बिघडलेला इंडेक्सच वाचून नवा बांधायला बसू शकतो.

२५७० क्रमांकाची एरर दिसली तर ती वेगळ्या जातीची आहे. पेज ठीक असतं, पण रकान्यातली किंमत त्या डेटाटाइपच्या मर्यादेबाहेर असते. कोणतीही दुरुस्ती ती सोडवत नाही. योग्य किंमत काय ते माणसाने ठरवून अपडेट करायचं.

क्लस्टर्ड इंडेक्सची थोडीच पेजेस बिघडली असतील आणि डेटाबेस फुल रिकव्हरी मॉडेलमध्ये असेल (म्हणजे बदलांचा लॉग त्याचा बॅकअप होईपर्यंत जपला जात असेल), तर पेज रिस्टोअर हा सर्वांत सुंदर मार्ग आहे. तो फार कमी जण वापरतात याचं मला वाईट वाटतं. चांगल्या फुल बॅकअपमधून फक्त ती पेजेस आणायची, नंतरचे सगळे लॉग बॅकअप क्रमाने लावायचे, मग एक ताजा लॉग बॅकअप घेऊन तोही लावायचा. शेकडो जीबीच्या डेटाबेसमधली ८ केबीची पेजेस तेवढी बदलली जातात आणि काहीही गमवावं लागत नाही. एंटरप्राइझ आवृत्तीत हे डेटाबेस चालू ठेवून करता येतं. फाइलचं हेडर, बूट पेज आणि जीएएम, पीएफएससारखी जागावाटपाची पेजेस मात्र अशी आणता येत नाहीत. तिथे पूर्ण रिस्टोअर लागतो. लॉग बॅकअपच्या साखळीतली एक कडी हरवली तरी हा मार्ग बंद होतो, म्हणून लॉग बॅकअपच्या जॉबचं अपयश कधीही हलक्यात घेऊ नका.

आता तो प्रसंग, जिथे दुरुस्तीशिवाय काहीच उरत नाही. माल वितरण करणाऱ्या एका कंपनीचे बॅकअप डेटा असलेल्या त्याच डिस्कवर जात होते. डिस्क बिघडली, बॅकअप गेले आणि डेटालाही फटका बसला. बिलांच्या ओळी असलेल्या टेबलाची क्लस्टर्ड इंडेक्समधली काही पेजेस वाचता येत नव्हती. दुरुस्ती अशा वेळी काय करते? वहीतलं फाटलेलं पान काढून टाकून उरलेली वही पुन्हा शिवते. त्या पानावर काय लिहिलं होतं याच्याशी तिला देणंघेणं नसतं.

म्हणून आम्ही आधी डेटाबेस ऑफलाइन करून त्याच्या फाइलींची प्रत चांगल्या डिस्कवर घेतली आणि पुढचं सगळं काम प्रतीवर केलं. बिघडलेल्या पेजच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या पेजेसवरून कोणत्या क्रमांकापासून कोणत्या क्रमांकापर्यंतच्या ओळी अडकल्या आहेत ते कळलं. त्याआधीच्या आणि नंतरच्या सगळ्या ओळी वेगळ्या टेबलात काढून घेतल्या. मग नॉनक्लस्टर्ड इंडेक्सकडे वळलो. त्याच्या प्रत्येक नोंदीत क्लस्टर्ड इंडेक्सची की असतेच. फक्त त्याच इंडेक्समधले रकाने मागितले तर सर्व्हर बिघडलेल्या पेजकडे जातच नाही. तिथून हरवलेल्या प्रत्येक ओळीचा क्रमांक, बिलाचा क्रमांक, मालाचा कोड आणि नग मिळाले.

हे काम दुरुस्तीच्या आधीच करावं लागतं, आणि या लेखातलं एकच वाक्य लक्षात ठेवणार असाल तर हे ठेवा. दुरुस्ती मूळ टेबलातली पेजेस काढून टाकते आणि त्या टेबलाचे नॉनक्लस्टर्ड इंडेक्स उरलेल्या डेटावरून नव्याने बांधते. म्हणजे हरवलेल्या ओळींचा शेवटचा पुरावाही तीच पुसते.

दर आणि कर त्या इंडेक्समध्ये नव्हते. ते ई-इनव्हॉइससाठी पाठवलेल्या फाइलींमध्ये ओळवार सापडले, कारण कंपनीने त्या फाइली दुसऱ्या मशीनवर साठवल्या होत्या. मग दुरुस्ती चालवली. ती ट्रान्झॅक्शन उघडून त्यात चालवता येते आणि निकाल पटला नाही तर मागे घेता येते. डेटाबेस एरवी उघडतच नाही तेव्हा वापरायच्या इमर्जन्सी मोडमधल्या दुरुस्तीला मात्र ही सोय नाही. त्यानंतर चेकडीबी पुन्हा, स्वच्छ येईपर्यंत. दुरुस्ती फॉरेन की (टेबलांमधले दुवे) पाहत नाही, म्हणून ते तपासणारी डीबीसीसी चेककन्स्ट्रेंट्स. मग जमवलेल्या ओळी त्यांच्या मूळ क्रमांकांसह परत घातल्या.

आणि तरीही काम संपलं नव्हतं. प्रत्येक बिलाची एकूण रक्कम आणि त्याच्या ओळींची बेरीज जुळते का, हे तिथल्या अकाउंट्सच्या ताई आमच्या शेजारी बसून तपासत होत्या. एका बिलावरची सूट आम्हाला कुठेच सापडली नव्हती, ती त्यांना बिलाच्या छापील प्रतीवरून मिळाली. चेकडीबी स्वच्छ आली म्हणजे पेजेस आणि त्यांना जोडणाऱ्या साखळ्या जुळल्या. बिलं बरोबर आहेत हे तो व्यवसाय समजणारं माणूसच सांगू शकतं, आणि अशा माणसाला शेवटी सही करायला न बोलावता सुरुवातीपासून सोबत घ्यावं.

मुलाखती घेताना मी हमखास विचारते: डेटाबेस सस्पेक्ट झाला आहे, काय कराल? पाठ केलेलं उत्तर इमर्जन्सी मोडपासून सुरू होतं. जो उमेदवार आधी एरर लॉग, मग बॅकअपची अवस्था आणि शेवटची स्वच्छ चेकडीबी कधीची ते विचारतो, त्याच्याशी बोलणं पुढे रंगतं.

हे सगळं वाचून येत नाही, हाताने करावं लागतं. डेव्हलपर आवृत्ती फुकट आहे. स्वतःच्या लॅपटॉपवर, कामाच्या सर्व्हरवर कदापि नाही, एक छोटा डेटाबेस बनवा. त्याचा फुल बॅकअप घ्या, थोड्या नोंदी घालून लॉग बॅकअप घ्या, मग तो ऑफलाइन करून डेटा फाइल हेक्स एडिटरमध्ये उघडा. पेज क्रमांकाला ८,१९२ ने गुणलं की फाइलमधली त्याची जागा मिळते. १४३ वं पेज ११,७१,४५६ व्या बाइटपासून सुरू होतं. तुमच्या टेबलाचं एखादं पेज निवडून त्यातले चार-दोन बाइट बदला, डेटाबेस ऑनलाइन आणा आणि ते टेबल वाचा. ८२४ येईल, संदेशात तेच पेज आणि तोच ऑफसेट (फाइलमधली जागा, हेक्स आकड्यात) दिसेल. पेज रिस्टोअर करून बघा. मग तोच बिघाड पुन्हा करून चेकसमच्या पर्यायासह बॅकअप घ्या. तो ३०४३ एरर देऊन थांबेल आणि पेजचा क्रमांक सांगेल. चेकसमशिवाय घेतलेला बॅकअप मात्र यशस्वी झाल्याचं सांगून मोकळा होईल.