कॉलेज फुटबॉलमध्ये प्रतिस्पर्धी निवडताना: रद्द करण्याचं कलम सगळ्यात आधी वाचा

अमेरिकेत स्पोर्ट मॅनेजमेंट शिकून एखाद्या विद्यापीठाच्या (अमेरिकन) फुटबॉल ऑफिसात लागलेली मराठी मुलं-मुली मला विचारतात, "ताई, नॉन-कॉन्फरन्स सामन्यांचं काम दिलंय, सुरुवात कुठून करू?" करारापासून करा. कोणता संघ तगडा, कोणता लेचापेचा, ते ऑफिसात सगळ्यांनाच ठाऊक असतं आणि त्यावर मत द्यायला माणसं रांगेत उभी असतात. कराराचं तिसरं पान मात्र कोणी उलटत नाही.

हंगामात बारा सामने, त्यातले आठ-नऊ कॉन्फरन्स, म्हणजे आपल्या विद्यापीठांचा गट, लावून देते, उरलेले नॉन-कॉन्फरन्स सामने आपल्या हातात, हे गणित तुम्हाला माहीत असेलच. मी ग्रुप ऑफ फाइव्हमधल्या, म्हणजे एफबीएस या सर्वांत वरच्या स्तरातल्या पण कमी पैसेवाल्या कॉन्फरन्समधल्या, एका विद्यापीठात काम करते. आमच्यासारख्यांचा साचा ठरलेला असतो: एका धनाढ्य विद्यापीठाच्या मैदानावर जाऊन गॅरंटीचे, म्हणजे तिथे येऊन खेळल्याबद्दल ठरलेले, पैसे आणायचे, एक एफसीएस (एफबीएसच्या खालच्या स्तरातला) संघ घरी बोलवायचा, बाकी बरोबरीच्यांशी होम-अँड-होम, एकदा त्यांच्याकडे, एकदा आपल्याकडे.

गॅरंटी सामन्यांच्या गोष्टी सांगताना लोक निकालात रमतात. २००७ मध्ये अ‍ॅपलाचियन स्टेटने मिशिगनला मिशिगनच्याच मैदानावर ३४-३२ असं हरवलं. २०२२ मध्ये त्यांनीच टेक्सस ए अँड एमला १७-१४ असं लोळवलं. तुम्ही त्यामागचे पैसे बघा. मिशिगनने दिले होते ४ लाख डॉलर, टेक्सस ए अँड एमने १५ लाख. मधल्या काळात अ‍ॅपलाचियन स्टेट एफसीएसमधून एफबीएसमध्ये आलं, त्यामुळे भाव चढणारच होता. पण बाजार सगळ्यांसाठीच चढला. २०२४ मध्ये नोत्र दामला १६-१४ असं हरवणाऱ्या नॉर्दर्न इलिनॉयला १४ लाख मिळाले.

आता सापळा बघा. हे करार कधीकधी आठ-दहा वर्षं आधी होतात. सामना मोडला तर मोडणाऱ्याने किती भरायचे, तो आकडाही त्याच दिवशी लिहिला जातो. सही करताना तो भरभक्कम वाटतो. सामन्याचं वर्ष जवळ येईतो बाजार कुठल्या कुठे गेलेला असतो आणि मोठ्या विद्यापीठाला ती रक्कम किरकोळ वाटू लागते. ते चेक फाडतात आणि मोकळे होतात.

आमचा सप्टेंबरचा सामना असाच गेला. समोरच्यांनी ठरलेली भरपाई वेळेवर दिली, नियमाने बोट ठेवायला जागा नव्हती. आमच्या तक्त्यात मात्र एक रकाना रिकामा राहिला. त्या शनिवारी मोकळं कोण, हे शोधायला बसलो तर एफबीएसमधलं जवळजवळ कोणीच नाही. एफसीएसवाले तयार होते, पण एक एफसीएस संघ आमच्या यादीत आधीच होता. हे जरा सावकाश वाचा, कारण घाईत नेमकं हेच निसटतं. बोल सामन्याला, म्हणजे हंगामानंतरच्या मानाच्या सामन्याला, पात्र व्हायला सहा विजय लागतात आणि त्यात एफसीएस संघावरचा एकच विजय धरतात. दुसऱ्याला पन्नास गुणांनी झोडपलं तरी त्या हिशेबात शून्य. एक एफसीएस संघ असला तर उरलेल्या अकरा सामन्यांत पाच विजय पुरतात. दोन असले तर तेच पाच विजय दहा सामन्यांत काढावे लागतात. त्यातही, जो एक विजय धरला जातो तो त्या एफसीएस संघाने ठरावीक प्रमाणात शिष्यवृत्त्या दिल्या असतील तरच. पायोनियर लीगमधले ड्रेक, डेटन, सॅन डिएगो हे संघ फुटबॉलची शिष्यवृत्ती देतच नाहीत. ते स्वस्तात येतात, म्हणून भुलू नका.

म्हणजे एका जुन्या, स्वस्त कलमामुळे गॅरंटीचे पैसे जातात, वर पोरांच्या बोल सामन्यावरही टाच येते. वर्षभर पहाटे पाचला वजनं उचलणाऱ्या मुलांकडे बघितलं की याची चीड येते.

म्हणून मसुदा हातात आला की तीन जागा बघा. भरपाईची रक्कम सामना जवळ येईल तशी टप्प्याटप्प्याने वाढते का? बदली संघ आणायला जास्त पैसे पडले तर फरक कोण भरणार? आणि "कॉन्फरन्स बदलली किंवा कॉन्फरन्सचे सामने वाढले तर भरपाई लागू नाही" अशी ओळ कुठे दडली आहे का? असेल तर ती काढायला सांगा, भांडावं लागलं तरी भांडा. जॉर्जिया आणि ओक्लाहोमा २०२३ मध्ये खेळणार होते. ओक्लाहोमा एसईसीत, म्हणजे जॉर्जियाच्याच बड्या कॉन्फरन्समध्ये, येणार म्हणून तो सामनाच रद्द झाला. जॉर्जियाला बॉल स्टेट मिळालं, ओक्लाहोमाला एसएमयू. त्या दोघांना कोणीही मिळतं, आपल्याला मिळत नाही. त्यात २०२६ पासून एसईसी नऊ कॉन्फरन्स सामने खेळणार, शिवाय एक सामना दुसऱ्या बड्या कॉन्फरन्समधल्या संघाशी किंवा नोत्र दामशी घ्यायचाच. आपल्यासाठी उरणारी दारं कमी होत चालली आहेत.

"सामना खेळला गेला" याची व्याख्याही मागून घ्या. २०१८ मध्ये नेब्रास्का-अ‍ॅक्रन सामन्यात किकऑफ झाला, विजा सुरू झाल्या आणि सामना रद्द करावा लागला. अशा रात्री पाहुण्यांच्या विमानाचा नि हॉटेलचा खर्च होऊन गेलेला असतो.

हे सगळं वाचून घाबरू नका. कायद्याची पदवी लागत नाही. सरकारी विद्यापीठांचे करार बहुतेक राज्यांत आपल्या माहिती अधिकारासारख्या कायद्याखाली मागता येतात. पंचवीसेक करार लागोपाठ वाचले की नजर आपोआप बसते. सॉफ्टवेअरवर विसंबणारे मला पटत नाहीत. कोण मोकळा आहे ते पडदा सांगतो, का मोकळा आहे ते फोनवरच कळतं. आणि गुरू म्हणून अ‍ॅथलेटिक डायरेक्टरच्या मागे फिरू नका, त्यांना वेळ नसतो. खरं शिकवतात ते फुटबॉल ऑपरेशन्स सांभाळणारे आणि हिशेबखात्यातल्या जुन्या बाई, ज्यांना कोणत्या विद्यापीठाचा चेक किती उशिरा येतो ते तोंडपाठ असतं.

हलके प्रतिस्पर्धी घेण्यात कमीपणा नाही. बिल स्नायडर १९८९ मध्ये कॅन्सस स्टेटला आले तेव्हा तो देशातल्या सर्वांत दुबळ्या संघांपैकी एक होता. सोपे नॉन-कॉन्फरन्स सामने घेतात म्हणून त्यांना नावं ठेवली गेली, आणि १९९८ चा नियमित हंगाम त्याच संघाने ११-० असा संपवला. हरणाऱ्या संघाला आधी जिंकायची सवय लागते. एकाच सप्टेंबरमध्ये दोन-दोन गॅरंटी सामने लावून पैसे उभे करणं मला अजिबात मान्य नाही. ऑक्टोबरपर्यंत लाइनमधले, म्हणजे पुढच्या फळीतले, निम्मे खेळाडू जायबंदी होतात. आर्मी-नेव्हीसारखा ऑप्शन ही चेंडू घेऊन धावण्यावर भर देणारी वेगळी पद्धत खेळणारा संघ घेण्याआधी कोचला विचारा, त्याच्या तयारीला वेगळे दिवस द्यावे लागतात.

व्हिसाचंही रोखठोक सांगते. स्पोर्ट मॅनेजमेंटची पदवी सहसा स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-गणिताच्या यादीत) मोडत नाही, त्यामुळे ओपीटीचे, म्हणजे शिक्षणानंतर काम करायच्या परवानगीचे, बाराच महिने मिळतात. प्रवेश घेतानाच अभ्यासक्रमाचा कोड तपासा.

आणि तक्त्यात भोक पडलंच, तर त्याच तारखेचा मोकळा संघ शोधत बसू नका. आमचंही तसंच सुटलं. एक बरोबरीचं विद्यापीठ त्या शनिवारी एफसीएस संघाशी खेळणार होतं, पण त्यांनाही बारावा सामना मिळत नव्हता, आणि त्यांचा रिकामा शनिवार दोन आठवड्यांनी होता. तो एफसीएस संघही तेव्हा रिकामा होता. त्यांनी तो सामना त्या रिकाम्या शनिवारी नेला, आमची तारीख घेतली, आणि बदल्यात चार वर्षांनी आम्ही त्यांच्याकडे जायचं ठरलं. तीन विद्यापीठं, दोन शनिवार आणि दुपारभर फोन. नव्या करारात भरपाईचा आकडा दर वर्षी वाढतो, ते कलम हिशेबखात्यातल्या बाईंनीच सुचवलं.