८०८५ किटच्या इम्युलेटरला इंटरप्टची कळ जोडायची कशी?

जळगाव, धुळे, फैजपूर, शिरपूर या पट्ट्यात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेल्यांना ८०८५चं किट (इंटेलच्या ८०८५ मायक्रोप्रोसेसरवर प्रोग्रामिंग शिकायचा बोर्ड) वेगळं सांगायला नको. हेक्स कळफलक, पत्त्यासाठी चार आणि डेटासाठी दोन लाल आकडे. मे महिन्याच्या दुपारी लाइट गेली की रॅममधला प्रोग्राम गेलाच, बसा परत एकेक बाइट टाकत. त्यामुळे लॅपटॉपवर इम्युलेटर (किटची नक्कल करणारा प्रोग्राम) वापरणं शहाणपणाचंच. पण चालू काम मध्येच थांबवून प्रोसेसरला दुसऱ्या रूटीनकडे वळवणारी इंटरप्टची कळ हौशी इम्युलेटरमध्ये बऱ्याचदा नसते. ती आपण जोडू.

आधी चिपचं डेटाशीट उघडा, कोड नंतर. १९७६ साली आलेला ८०८५ हा ८०८०चा धाकटा भाऊ. त्याच्या सूचना जवळपास त्याच, पण रिम (हेक्स २०, इंटरप्टची स्थिती वाचणारी) आणि सिम (हेक्स ३०, इंटरप्टचे मास्क लावणारी) या दोन नव्या. पुष्कळ इम्युलेटर ८०८०च्या कोडवरून उचललेले असतात आणि तिथे या दोन्ही बाइटचा अर्थ ‘काही करू नका’ असतो. तुमच्या सोर्समध्ये हे दोन ऑपकोड शोधा. रिकामे दिसले तर काम तिथूनच सुरू होईल.

काही बदलण्याआधी असलेल्या चाचण्या चालवून निकाल जपून ठेवा. ८०८०च्या जुन्या चाचण्या वापरत असाल तर एक लक्षात असू द्या: एएनए (अँड) सूचनेनंतरचा ऑक्झिलरी कॅरी हा फ्लॅग दोन्ही चिपमध्ये वेगळा येतो. तिथे निकाल जुळला नाही म्हणून घाबरू नका.

आता सीपीयूच्या स्थितीत चार गोष्टी वाढवा: तीन मास्क बिट (१ असला की तो तो इंटरप्ट अडवणारे), इंटरप्ट चालू-बंदचा झेंडा, आरएसटी ७.५चा (आपली कळ जिला जोडायची त्या इंटरप्ट पिनचा) लॅच, म्हणजे सिग्नल आल्याचं लक्षात ठेवणारा बिट, आणि ‘ईआय (इंटरप्ट चालू करणारी सूचना) नुकतीच झाली’ ही खूण. रीसेटला तिन्ही मास्क १, बाकी सगळं ०.

लॅच का लागतो, तर आरएसटी ७.५ ही पिन सिग्नलच्या चढत्या कडेवर चालते. कळ दाबली की आतला फ्लिपफ्लॉप सेट होतो आणि बोट उचललं तरी तसाच राहतो. मास्क लावलेला असो की इंटरप्ट बंद असोत. आरएसटी ६.५ आणि ५.५ या पिनचं तसं नाही, तिथे सिग्नल टिकून राहावा लागतो. ‘कळ दाबली की थेट ००३सी (७.५साठी ठरलेला पत्ता) वर उडी’ असा कोड लिहिणारे इथेच फसतात. कळीने फक्त लॅच १ करायचा. पुढचं सीपीयू बघून घेईल.

सिममध्ये ए रजिस्टरचा बिट ३ जर १ असेल तरच बिट ०, १, २ हे अनुक्रमे ५.५, ६.५, ७.५चे मास्क म्हणून घ्यायचे. बिट ४ हा १ असला की ७.५चा लॅच पुसायचा, बिट ३ काहीही असो. रिममध्ये खालचे तीन बिट मास्क, बिट ३ इंटरप्ट चालू आहेत का ते, आणि बिट ४ ते ६ खोळंबलेले इंटरप्ट. सीरियल पिनचे बिट सध्या बाजूला ठेवले तरी चालतं.

मुख्य लूपमध्ये प्रत्येक सूचना संपल्यावर तपासा: इंटरप्ट चालू, ७.५चा मास्क ०, लॅच १. तिन्ही जुळले तर लॅच आणि झेंडा ० करा, पीसी (पुढच्या सूचनेचा पत्ता) स्टॅकवर टाका, पीसीमध्ये ००३सी भरा आणि १२ टी-स्टेट (क्लॉकचे ठोके) मोजा. सीपीयू एचएलटी या थांबण्याच्या सूचनेवर थांबला असेल तर त्याला उठवा. स्टॅकवर एचएलटीच्या पुढचा पत्ता जायला हवा. ००३सी रॉममध्ये असल्याने तिथून रॅममध्ये उडी असते. इंटेलच्या एसडीके-८५ मध्ये ती २०सीई वर जाते. तुमच्या किटचं मॅन्युअल बघा, पत्ता वेगळा असू शकतो.

लॅपटॉपची कळ जोडताना ऑटो-रिपीट गाळा. नाहीतर बोट जरा रेंगाळलं की दहा इंटरप्ट.

चाचणीचा प्रोग्राम २००० पासून:

एलएक्सआय एसपी, २०सी२
एमव्हीआय बी, ००
एमव्हीआय ए, ०बी
सिम
ईआय
एचएलटी
जेएमपी (परत एचएलटीवर)

इंटरप्टच्या रूटीनमध्ये तीनच सूचना: आयएनआर बी, ईआय, आरईटी. उडीच्या पत्त्यावर या रूटीनकडे जेएमपी टाका. दर दाबण्याला बी एकानेच वाढला पाहिजे. मग ईआयच्या जागी डीआय (इंटरप्ट बंद करणारी सूचना) ठेवून, त्यानंतर लांब विलंब-लूप आणि शेवटी ईआय असं करा. लूप चालू असताना कळ तीनदा दाबा. ईआयनंतर बी फक्त १ व्हायला हवा, कारण लॅच एकच.

खरी गोम ईआयमध्ये आहे. ती लगेच लागू होत नाही. तिच्या पुढची सूचना पूर्ण झाल्यावरच इंटरप्ट घेतला जातो. हे विसरलात तर आरईटी व्हायच्या आधीच पुढचा इंटरप्ट घुसतो आणि स्टॅकवर पत्त्यांवर पत्ते साचतात. बोटाने कळ दाबून हे सहसा सापडत नाही, बोट तेवढं चपळ नसतं. म्हणून पहिला प्रोग्राम चालू असताना चाचणीच्या कोडमधून दर सूचनेनंतर लॅच १ करा आणि एसपीवर (स्टॅकच्या टोकाच्या पत्त्यावर) नजर ठेवा. तो २०सी० च्या खाली गेला नाही तर तुमची ईआय बरोबर. घसरत निघाला, तर थोड्याच वेळात स्टॅक थेट तुमच्या प्रोग्रामवर चढेल.

इम्युलेटरला स्थिती जतन करायची सोय असेल तर या नव्या गोष्टी त्या फाइलमध्येही जायला हव्यात. फाइलचा आवृत्ती-क्रमांक वाढवा, आणि जुनी फाइल उघडली तर रीसेटच्या किमती भरा. एवढं झालं की किटवरच्या ८१५५ या चिपमधला टायमर याच लॅचला जोडून बघा. त्याला नवा इंटरप्ट-कोड लागत नाही.