आधी धातू, मग आकडा: हिब्रू शब्दांचा अभ्यास कसा करावा

बायबलमधलं उत्पत्ति २२:१९ उघडा. अब्राहाम डोंगरावरून आपल्या चाकरांकडे परत आला, सगळे उठून बैर-शेब्याला गेले आणि अब्राहाम तिथे राहिला. मराठीत वाचलं तर अगदी साधं वाक्य, कोणी प्रवचनाला घेणार नाही. म्हणूनच मी शिकवताना इथून सुरुवात करते. नवखा माणूस पहिल्याच दिवशी ६६६ कडे, प्रकटीकरणाच्या पुस्तकातल्या त्या गूढ आकड्याकडे धावतो. महिन्याभरात एकतर तो वही मिटतो, नाहीतर आपल्याला गुपित सापडलं म्हणून गावभर सांगत सुटतो. दुसऱ्याला आवरणं जास्त कठीण.

अक्षरं. बावीस आहेत, उजवीकडून डावीकडे लिहितात, त्यांतल्या पाचांची रूपं शब्दाच्या शेवटी बदलतात. दोन-तीन आठवड्यांचं काम. सरावाला स्तोत्र ११९ घ्या: बावीस कडवी, दर कडव्यात आठ ओळी आणि त्या आठही ओळी एकाच अक्षराने सुरू होतात.

प्रत. स्वरांच्या खुणा असलेलीच घ्या. मुळात व्यंजनंच लिहिली जात; खुणा नंतर मासोरा परंपरेच्या, म्हणजे बायबलचा पाठ जपणाऱ्या यहूदी पंडितांनी घातल्या. संपूर्ण हिब्रू बायबलचं आज उपलब्ध असलेलं सर्वात जुनं हस्तलिखित, लेनिनग्राड प्रत, साधारण १००८ सालचं आहे. त्यावरून तयार केलेला मजकूर इंटरनेटवर फुकट मिळतो.

धातू. इथे मी दोन वर्षं अडकले होते, तेव्हा इथे जरा थांबू.

हिब्रू शब्द बहुधा तीन व्यंजनांच्या धातूवर उभा असतो, हे तुम्हाला कोणीही सांगेल. ती तिन्ही व्यंजनं दर वेळी दिसत नाहीत, हे मात्र कोणी सांगत नाही. परदेशी पाहुण्याला ‘केलं’ वरून ‘कर’ शोधायला सांगा. र कुठे गेला, हे त्याने कसं ओळखायचं? ‘गेला’ वरून ‘जा’ तर विचारूच नका. आपण हे आईच्या कडेवर शिकलो म्हणून काही वाटत नाही. हिब्रूत मात्र तो पाहुणा आपण असतो.

आपल्या वचनाचा पहिला शब्द वाव-योद-शीन-बेत असा चार अक्षरांचा आहे. उत्तरार्धात पुन्हा हीच चार अक्षरं, याच क्रमाने. पण पहिला शब्द ‘वय्याशोव’, म्हणजे परत आला. दुसरा ‘वय्येशेव’, म्हणजे राहिला. मी कित्येक महिने स्वरखुणांकडे दुर्लक्ष करून दोन्ही एकच मानत होते. ‘देवाकडे परतणं हेच खरं वस्तीला राहणं’ असं टिपणही वहीत लिहिलं होतं. टिपण सुरेख होतं आणि पूर्णपणे चूक होतं.

आता रीत सांगते. आधी सालं काढा. सुरुवातीचा वाव म्हणजे ‘आणि’, त्यामागचा योद म्हणजे ‘तो’. उरले शीन आणि बेत. तिसरं अक्षर हरवलंय आणि ते लपण्याच्या नेहमीच्या जागा थोड्याच आहेत: सुरुवातीला योद किंवा नून, मध्ये वाव, शेवटी ‘हे’ नावाचं अक्षर. त्यांतली कोणती, ते योदखालची स्वरखूण सांगते. कामात्स (छोट्या T सारखी खूण) असेल तर मधलं अक्षर गेलंय: धातू शूव, परतणे. त्सेरे (शेजारी-शेजारी दोन ठिपके) असेल तर सुरुवातीचा योद गेलाय: याशव, बसणे किंवा राहणे. पताख (आडवी रेघ) असेल आणि पुढच्या शीनच्या पोटात ठिपका असेल, तर तो ठिपका म्हणजे गिळलेला नून. उत्पत्ति १५:११ मध्ये यज्ञाच्या मांसावर झडप घालणारे पक्षी अब्राम (अब्राहामचं आधीचं नाव) हाकलतो, तिथला ‘वय्याश्शेव’ असा आहे. आणि खिरिक (एकच ठिपका) असेल तर शेवटचा ‘हे’ गळालाय: गणना २१:१ मधला ‘वय्यिश्ब’, त्याने कैद करून नेलं. लिहायला अक्षरं तीच चार, धातू मात्र चार वेगळे. याला अपवाद निघतात, पण दहापैकी आठ वेळा एवढ्यावर भागतं.

माझी एक सक्त सूचना. अ‍ॅपमध्ये शब्दावर बोट ठेवलं की धातू मिळतो. पहिले सहा महिने थेट बोट ठेवायचं नाही. आधी आपला अंदाज पेन्सिलीने लिहा, मग पाहा. अंदाज चुकला की ती चूक लक्षात राहते. अ‍ॅपने दिलेलं उत्तर संध्याकाळपर्यंतही टिकत नाही.

धातू सापडला की दुसरा खड्डा लागतो आणि त्यात शिकलेली माणसं जास्त पडतात. धातूचा अर्थ त्या अक्षरांच्या प्रत्येक शब्दात ओतायचा मोह होतो. ‘मिदबार’ म्हणजे रान, वाळवंट. त्यात दालेत-बेत-रेश दिसतात. ‘दावार’ म्हणजे शब्द, त्यातही तीच. झालं! ‘वाळवंट म्हणजे देव बोलतो ती जागा.’ हे मी स्वतः पंचवीस माणसांसमोर सांगितलंय, दोघांनी वहीत उतरवूनही घेतलं. घरी येऊन कोश उघडला, तर मिदबारचा संबंध गुरंमेंढरं चरायला हाकण्याशी लावलेला. शिवाय तीच तीन अक्षरं ‘देवेर’मध्येही आहेत, म्हणजे रोगाच्या साथीत, आणि ‘देवोरा’मध्येही, म्हणजे मधमाशीत. मग साथ आणि मधमाशी यांतूनही देवाला बोलायला लावायचं का? मराठीत ‘कर’ म्हणजे हात, ‘कर’ म्हणजे पट्टी आणि ‘कर’ म्हणजे आज्ञा. यावरून कोणी सरकारी कराचं तत्त्वज्ञान मांडलं तर आपण हसू. हिब्रूत तेच केलं की आपण ‘आमेन’ म्हणतो. अर्थ वाक्यात असतो. धातू फक्त घराण्याचं नाव सांगतो, माणसाचा स्वभाव नाही.

कोश. स्ट्राँगचा १८९० चा कोश प्रत्येक हिब्रू शब्दाला क्रमांक देतो, ८६७४ पर्यंत. क्रमांक म्हणजे नुसता पत्ता. नोंदीच्या शेवटी जी अर्थांची यादी येते, ती १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये तो शब्द कसकसा भाषांतरित झाला त्याची आहे. उपाहारगृहातलं दरपत्रक नव्हे, की आवडेल ते मागवावं. ‘रुआख’ म्हणजे वारा, श्वास, आत्मा. पण उत्पत्ति ८:१ मध्ये पुराचं पाणी ओसरतं ते वाऱ्याने. तिथे तिन्ही अर्थ एकदम भरू नका. आणि क्रमांकात गूढ अर्थ नसतो. हे सांगावं लागतंय, कारण एका प्रवचनात मी तेही ऐकलंय.

आकडा. इथवर आलात तरच. आकडे दोन जातींचे असतात आणि त्यांची खिचडी करायची नाही.

पहिली जात मजकुराने स्वतः उच्चारलेल्या आकड्यांची. बैर-शेबा घ्या. ‘बएर’ म्हणजे विहीर. ‘शेवा’ म्हणजे सात, आणि शपथ घेण्याच्या क्रियापदातही तीच शीन-बेत-आईन. (हा आईन विसरलात तर वरच्या शूव-याशवशी घोळ होईल.) उत्पत्तीच्या २१ व्या अध्यायात अब्राहाम अबीमलेख राजापुढे सात कोकरी वेगळ्या उभ्या करतो आणि मग दोघं शपथ घेतात. सात आणि शपथ ही सांगड कथेनेच घातलीय, आपण फक्त ऐकायचं. नुसत्या ध्वनीवर गेलात, तर न्हावा-शेवा बंदरातही तुम्हाला सात सापडतील.

चाळीस हा आकडा पूर, सीनाय पर्वत, एलीयाचा प्रवास, सगळीकडे येतो. तरी त्यावर लिहिण्याआधी योना ३:४ पाहा. हिब्रूत निनवेला चाळीस दिवसांची मुदत आहे, जुन्या ग्रीक भाषांतरात तीन दिवसांची.

दुसरी जात गेमात्रियाची, म्हणजे अक्षरांच्या किमतींची बेरीज. आलेफ ते तेत १ ते ९, योदपासून त्सादीपर्यंत १० ते ९०, कोफ १००, रेश २००, शीन ३००, ताव ४००. पंधरा मात्र ‘योद-हे’ असा लिहीत नाहीत, कारण ती देवाच्या नावाची अक्षरं. तेत-वाव लिहितात, ९ आणि ६. ‘तू बिश्वात’, म्हणजे शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवसाचा सण, त्याच्या नावातला ‘तू’ हाच. त्या दिवशी अलिबागजवळ खंडाळ्याला एलियाहू हन्नाबीच्या (एलीया संदेष्ट्याच्या) टाप्यावर बेने इस्राएल, म्हणजे कोकणातली यहूदी मंडळी मलिद्याच्या विधीला जमतात. आपल्या कोकणात गेमात्रिया असा सणाच्या नावातच बसलाय.

हिब्रू बायबलच्या मजकुरात मात्र आकडे शब्दांतच लिहिलेत, अक्षरांत नाहीत. म्हणून बेरीज जुळली की लगेच टाळ्या वाजवू नका. उत्पत्ति १४:१४ मध्ये अब्राम ३१८ माणसं घेऊन निघतो. त्याचा सेवक एलियेजर याच्या नावाची बेरीज करा: १, ३०, १०, ७०, ७, २००. बरोब्बर ३१८. तालमूद या यहूदी ग्रंथातल्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) म्हटलं, गेला तो एकटा एलियेजरच. बर्नबाचं म्हटलं जाणारं जुनं ख्रिस्ती पत्र तोच आकडा ग्रीक अक्षरांत वाचतं आणि त्यात येशूच्या नावाची दोन अक्षरं व क्रूस पाहतं. मला रब्बींचा खेळ आवडतो, कारण ३१८ हा विचित्र, नेमका आकडा मजकुरातच आहे आणि एलियेजरचं नाव लगेच पुढच्या अध्यायात येतं. पुरावा म्हणून मी दोन्ही घेत नाही.

बेरजेत लोक गंडतात ते स्पेलिंगवर. दावीद म्हणजे ४+६+४, चौदा. मत्तयाने दिलेल्या येशूच्या वंशावळीतल्या चौदा-चौदा पिढ्यांचं कारण पुष्कळ जण हेच देतात. पण बायबलमधल्या १ व २ इतिहास या पुस्तकांत त्याच नावात बहुधा एक योद जास्त असतो आणि बेरीज होते २४. ‘नरोन केसर’ची, म्हणजे हिब्रूत लिहिलेल्या रोमन सम्राट नीरोच्या नावाची बेरीज ६६६ येते ती केसरमध्ये योद नसेल तरच, नेहमीच्या स्पेलिंगने ६७६ होतात. ६६६ म्हणजे नीरो हा अर्थ मी तरीही मानते, कारण नीरोच्याच काळातल्या, यहूदियाच्या वाळवंटात सापडलेल्या एका दस्तऐवजात ‘केसर’ योदशिवाय लिहिलाय. शिवाय शेवटचा नून काढला की ६१६ उरतात, आणि प्रकटीकरणाच्या काही जुन्या हस्तलिखितांत नेमका तोच आकडा आहे. हवं ते उत्तर येण्यासाठी तुम्ही एखादं अक्षर घातलं किंवा काढलं असेल आणि ते स्पेलिंग कुठेच लिहिलेलं दाखवता येत नसेल, तर ती बेरीज खोडा.

सरावाला उत्पत्ति २६:२६ ते ३३ घ्या. तिथे इसहाक विहिरीला नाव देतो आणि बैर-शेबा हे नाव पुन्हा एकदा पडतं. शपथ कोणत्या वचनात आहे ते शोधा, ‘सात’ हा आकडा आहे का ते पाहा, आणि मग २१ वा अध्याय शेजारी ठेवून पेन्सिल उचला.