बेघर निवाऱ्यात काम सुरू करताय? मग हे वाचा

एमएसडब्ल्यूची (समाजकार्य शिकणारी) मुलं फील्डवर्कला आमच्या निवाऱ्यात आली की हमखास विचारतात, ताई काउन्सेलिंग कधीपासून करायचं? मी म्हणते, दारात उभं राहून "या काका, जेवलात का" म्हणालात ना, तिथूनच सुरू झालं. वेगळी खोली आणि खुर्च्या नंतर.

पहिल्या रात्री इनटेक फॉर्म (नव्याने आलेल्याच्या नोंदीचा) पूर्ण भरायच्या मागे लागू नका. नाव, दुखतंय का काही, गोळ्या चालू आहेत का, बस. घर का सोडलं, घरी कोण कोण असतं हे माणूस रुळल्यावर विचारा, कारण आपल्याकडे भीक मागणाऱ्याला पकडता येईल असा 1959 चा भीक प्रतिबंधक कायदा आहे, फुटपाथवरच्या माणसाला चौकशी म्हणजे उचलून नेणार हेच माहीत असतं.

आमच्याकडे एक मावशी गाठोडं उशाला घेऊनच झोपायच्या. नियमाप्रमाणे सामान लॉकरमध्ये, पण रस्त्यावर ज्याचं सगळं चोरीला गेलंय त्याच्याकडून गाठोडं काढून घेतलं तर तो झोपणारच नाही, म्हणून आम्ही लॉकरची चावी त्यांच्याच हातात दिली आणि गाठोडंही राहू दिलं, मग पुढे कधीतरी त्यांनी आपणहून ते आत ठेवलं. असे नियम ढिले करायला भांडावं लागलं तरी भांडा. आणि ट्रेनिंग रात्रीच्या केअरटेकरला आधी द्या, काउन्सेलर पाचला घरी जातो, रात्री दचकून उठलेल्या माणसाशी केअरटेकरच बोलतो, त्याने "ए, झोप गप" म्हटलं की आपली दिवसभराची मेहनत पाण्यात.

कायदा मात्र पाठ पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017, कलम 100: रस्त्यावर भटकणारा, स्वतःची काळजी घेऊ न शकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणात घेणं पोलिसांचं कामच आहे, 24 तासांत सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. कलम 18 प्रमाणे बेघर माणसाला सरकारी ठिकाणी मानसिक उपचार फुकट, बीपीएल कार्ड नसलं तरी. खिडकीवर कार्ड मागितलं तर हे शांतपणे सांगा, प्रिंट जवळ ठेवा.

कर्जतच्या श्रद्धा फाउंडेशनचं काम जरूर बघा, त्याचे संस्थापक डॉ. भरत वाटवानींना 2018 चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला, रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर उपचार करून ते त्यांना घरी पोचवतात. फक्त प्रत्येकालाच घरी जायचं असतं असं धरून चालू नका, काही बायका मार खाऊनच तिथून निघालेल्या असतात, त्यांच्या संमतीशिवाय घरी फोन लावू नका.